मऊ नाकाची गोळी

१९०७ साली कुमाऊंतल्या चंपावतजवळ जिम कॉर्बेटने एक वाघीण मारली. आधी नेपाळात दोनशे आणि मग कुमाऊंत दोनशे छत्तीस, अशी ४३६ माणसे तिच्या नावावर होती. मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले निघाले. वरचा अर्ध्यावर तुटलेला होता, खालचा पार हाडापर्यंत. ही जुन्या गोळीची जखम होती. तिच्यामुळे वाघिणीला नेहमीचे सावज धरता येईना आणि म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने लिहिले आहे.

कॉर्बेटचे हे पुस्तक, 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं', १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईतूनच प्रथम प्रसिद्ध केले. वाघ नरभक्षक का होतो याचे उत्तर त्याने सुरुवातीलाच दिले आहे. दहापैकी नऊ वेळा कारण जखम असते, दहाव्या वेळी म्हातारपण. जखम साळिंदराच्या काट्यांची असू शकते, किंवा निष्काळजीपणे झाडलेल्या आणि मागोवा न घेतलेल्या गोळीची. पुढच्या अभ्यासकांनी याला आणखी कारणे जोडली आहेत, पण चंपावतच्या त्या दोन दातांचे काय झाले होते हे कोणी नाकारलेले नाही.

मी शिकारी नाही. इतिहासाचे जे काही शिकलो ते जुनी पुस्तके आणि अहवाल वाचून, आपले आपणच. हे पुस्तक शाळेत असल्यापासून कितीदा तरी वाचले, पण त्या मोडक्या दातांवरून माझी नजर दर वेळी पुढे सरकत असे. एकदा मात्र तिथेच अडली. गोळी जबड्यावर लागली, म्हणजे मेंदूपासून काही इंचांवर. झाडणारा कोण होता हे कॉर्बेट सांगत नाही. बार केल्यावर वाघीण पळाली, आणि तो माणूस बहुधा घरी जाऊन जेवला असेल. गोळी कुठे लागली, कोणती होती, किती अंतरावरून आली, एवढ्याच तीन प्रश्नांवर पुढे कितीतरी माणसांचे जगणे-मरणे ठरले. या तीन प्रश्नांचा माग काढत मी शिकारीच्या पुस्तकांतून निघालो आणि पोचलो ते १८९९ सालच्या एका शांतता परिषदेत. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

जागा

गोळीने जनावर मरते म्हणजे नेमके काय होते? एक तर मेंदू किंवा मणक्यातला मज्जारज्जू तुटतो आणि ते जागीच कोसळते. किंवा हृदय, फुफ्फुसे, मोठ्या रक्तवाहिन्या फाटतात, मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि ते काही सेकंदांत पडते. तिसरा जलद मार्ग नाही. हरणाच्या जातीच्या जनावरात फऱ्यामागे, छातीच्या खालच्या भागात, साधारण वीतभर घेराची एक जागा असते. गोळी तिथे लागली तर जनावर शंभर पावलेही जात नाही. तीच गोळी आणखी वीतभर मागे, पोटात लागली, तर जनावर पळते, कुठेतरी झुडपात बसते आणि तासन् तास मरत राहते. अनुभवी शिकारी सांडलेल्या रक्तावरून हे ओळखतो. फेसाळ, गुलाबी रक्त फुफ्फुसाचे. काळपट, चाऱ्याचे कण मिसळलेले रक्त पोटाचे.

जागेचे महत्त्व सर्वांत टोकाला नेऊन दाखवले ते वॉल्टर बेल या स्कॉटिश हस्तिदंत-शिकाऱ्याने. युगांडातल्या करामोजा प्रदेशावरून त्याला 'करामोजो बेल' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले. हा आकडा आज अंगावर काटा आणतो. त्या काळचे इतर शिकारी हत्तीसाठी खांदा निखळेल अशा अवजड रायफली वापरत. बेलने बहुतेक हत्ती ७ मिलिमीटरच्या, म्हणजे हरणासाठी योग्य मानल्या जाणाऱ्या रायफलीने मारले. त्यासाठी त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून आत मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते. समोरून, बाजूने, तिरके मागून पाहताना मेंदूकडे जाणारी रेषा कशी बदलते हे त्याने पाठ केले. गोळीही तो विशिष्टच वापरे. पूर्ण आवरणाची, टणक, आकार न बदलता सरळ जाणारी. हत्तीच्या कवटीचे जाड, पोकळ्यांनी भरलेले हाड ओलांडायचे तर गोळी फुलून चालत नाही. हीच गोळी हरणाच्या छातीत मारली तर सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर मैलभर पळते.

म्हणजे जागा आणि गोळी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आणि नेम चांगला असला तरी ऐन वेळी जागा साधतेच असे नाही. खुद्द कॉर्बेटने चंपावतच्या वाघिणीवर तीस यार्डांच्या आतून बार केले होते. तिला लागलेल्या दोन गोळ्यांपैकी एक थोडी मागे लागली. काडतुसे संपल्यावर त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी, खिळखिळी बंदूक मागून आणली, वीस फुटांवरून तिच्या उघड्या तोंडावर नेम धरला, आणि गोळी लागली पंजावर. ती पडली आधीच्या जखमांनी. कॉर्बेटने हे लपवलेले नाही.

शिसे, तांबे आणि दमदमा

आता गोळीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोळी म्हणजे शिसे. मऊ, जड आणि जाडजूड. १८७० नंतर ब्रिटिश फौजेत आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची होती आणि तिचा व्यास होता ११ मिलिमीटरहून अधिक. अशी गोळी शरीरात शिरली की चपटी होई आणि माणूस असो की जनावर, खाली बसे. अंतराची मात्र तिला मर्यादा होती. काळ्या दारूने मिळणारा वेग कमी, त्यामुळे गोळी कमानीसारखी वर जाऊन खाली येई. अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम चुकला. मध्य प्रांतात जंगल खात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्साइथने १८६० च्या दशकात शिकारी रायफलीवर एक आख्खे पुस्तक लिहिले, ते मुख्यतः याच अडचणीवर. आपल्याकडच्या दाट रानात सावज क्षणभर दिसते. अंतर मोजून दृष्टिपट्टी वरखाली करायला वेळ नसतो. म्हणून जवळच्या टप्प्यात गोळी शक्य तितकी सरळ गेली पाहिजे, असे त्याचे म्हणणे.

पुढच्या वीस वर्षांत हा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित दारू तयार केली. वेग एकदम वाढला. पण त्या वेगाला नुसते शिसे नळीतल्या आट्यांना धरून राहीना, घासले जाऊन नळीत चिकटू लागले. म्हणून त्यावर तांब्याचे किंवा तांबे-निकेलचे आवरण चढवण्यात आले. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीची गोळी अशी होती. व्यास ७.७ मिलिमीटर, वजन २१५ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १४ ग्रॅम. हीच ती पुढे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेली थ्री-नॉट-थ्री. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तिची काडतुसे बनत. रिकाम्या पुंगळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे दिसली तर ती खडकीची.

नवी गोळी दूर जाई, सरळ जाई, पण फुलत नसे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर वायव्य सरहद्दीवरून तक्रारी येऊ लागल्या, की गोळी लागूनही पठाण थांबत नाहीत. लहानसे भोक पाडून ती निघून जाते. यावर उपाय काढला तो कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात, कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने. गोळीच्या नाकावरचे आवरण सुमारे मिलिमीटरभर काढून टाकायचे, आतले शिसे उघडे ठेवायचे. शरीरात शिरताच ते मऊ नाक मागे दुमडते, गोळी छत्रीसारखी उघडते आणि जखम रुंद होते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी आफ्रिदींवर वापरली गेली. गावाच्या नावावरून तिला 'डमडम' म्हणू लागले. हे नाव 'दमदमा' या शब्दावरून आले असे मानतात. तोफा चढवण्यासाठी घातलेला मातीचा उंचवटा म्हणजे दमदमा. मराठी बखरींच्या वाचकाला तो परका नाही. आणि १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज पहिल्यांदा उठली तीही याच डमडमला. काडतुसाने दोनदा इतिहासात आणलेले असे दुसरे गाव मला माहीत नाही.

बर्टी-क्लेची कल्पना नवी नव्हती. शिकारी हे आधीपासून करत होते. आवरणाची गोळी आल्यावर हरीण पडत नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आले होते, आणि उघड्या नाकाच्या शिकारी गोळ्या युरोपात विकल्या जात होत्या. सरहद्दीवर जे आले ते शिकारीच्या दुकानातून आले.

हेगमधला युक्तिवाद

१८९९ च्या मे महिन्यात हेग येथे पहिली आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरली. तिथे या गोळीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. विरोधकांच्या हाती ट्यूबिंगनचे शल्यविशारद पॉल फोन ब्रुन्स यांचे प्रयोग होते. फुलणाऱ्या गोळीने मृतदेहांवर किती भयंकर जखमा होतात हे त्यांनी दाखवले होते. ब्रिटिशांचे उत्तर असे, की ब्रुन्स यांनी वापरलेली गोळी डमडम नव्हतीच. ती शिकारीची होती, तिचे शिसे कितीतरी अधिक उघडे होते. तांत्रिकदृष्ट्या या उत्तरात तथ्य होते.

पण ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा दुसरा मुद्दा वाचताना मी थबकलो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सुसंस्कृत शिपायाला गोळी लागली की आपण जखमी झालो हे त्याला कळते, आणि तो मागे रुग्णपथकाकडे जातो. रानटी माणूस मात्र दोन-तीन गोळ्या आरपार गेल्या तरी चालून येतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

शिकारीची पुस्तके वाचून आलेल्याला हे वाक्य कुठून आले ते लगेच कळते. चालून येणाऱ्या वाघाबद्दल, गव्याबद्दल, रानडुकराबद्दल अगदी असेच लिहिलेले असते. माणूस किती जखमी झाला म्हणजे थांबेल, हा प्रश्न आर्डा यांनी जनावराच्या मापाने सोडवला होता.

परिषदेने त्यांचे ऐकले नाही. २२ राष्ट्रे बंदीच्या बाजूने, ब्रिटन आणि अमेरिका विरोधात, पोर्तुगाल तटस्थ. २९ जुलै १८९९ च्या त्या जाहीरनाम्याने शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वर्ज्य ठरवल्या. ब्रिटनने १९०७ मध्ये तो मान्य केला. मात्र त्यात एक कलम होते. ही बंदी सह्या करणाऱ्या राष्ट्रांच्या आपापसातल्या युद्धापुरतीच होती. ज्या आफ्रिदींवर ही गोळी चालली होती ते त्या टेबलावर नव्हते, आणि त्या कागदाने त्यांना संरक्षणही दिले नाही.

एकाच देशाचे दोन कायदे

आता एक गंमत पाहा. ब्रिटनमध्ये १९९१ चा हरणांविषयीचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टानुसार हरणावर रायफलीतून गोळी झाडायची तर ती मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाचीच हवी. पूर्ण आवरणाची गोळी वापरणे गुन्हा आहे, कारण ती क्रूर आहे. उलट, १९९८ च्या रोम करारानुसार आंतरराष्ट्रीय युद्धात माणसावर फुलणारी गोळी झाडणे हा युद्धगुन्हा आहे, कारण ती क्रूर आहे. शिसे तेच, तांबे तेच.

प्रथम मला हा निव्वळ दांभिकपणा वाटला. नंतर १८६८ चा सेंट पीटर्सबर्गचा जाहीरनामा वाचला आणि मत बदलले. हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या त्या दस्तऐवजात युद्धाचा हेतू सांगितला आहे. शत्रूचे सैन्य दुबळे करणे एवढाच तो हेतू, आणि त्यासाठी माणसे लढण्यास असमर्थ झाली की पुरे. युद्धात जखमी होऊन वाचणे हा चांगला शेवट आहे. त्या शिपायाला उचलायला डोली येते, शल्यविशारद असतो, घरी परतण्याची शक्यता असते. म्हणून छोटे भोक पाडणारी गोळी दयाळू. जनावराला डोली येत नाही. त्याच्यासाठी जखमी होऊन वाचणे हाच सर्वांत वाईट शेवट, आणि चंपावतच्या वाघिणीच्या बाबतीत तो माणसांसाठीही वाईट ठरला. म्हणून तिथे लगेच मारणारी गोळी दयाळू. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. आर्डा यांची चूक गोळीत नव्हती. समोरच्या माणसाला डोली लागेल, हे त्यांनी धरलेच नाही.

कायद्याचे अक्षर पाळून पळवाट कशी काढतात याचाही नमुना लवकरच आला. १९१० मध्ये ब्रिटिशांनी थ्री-नॉट-थ्रीची टोकदार गोळी आणली. वजन १७४ ग्रेन, आवरण अखंड, हेगच्या शर्तीत बसणारी. तिच्या टोकाच्या पोकळीत शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरले होते. त्यामुळे बूड जड झाले, आणि शरीरात शिरताच ती कोलांटी खात असे. फुलत नसे, पण जखम रुंदच करी.

लांबचा बार

शेवटचा प्रश्न अंतराचा, आणि तो आजचा आहे. गेल्या काही दशकांत अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत पाचशे, आठशे, क्वचित हजार मीटरांवरून शिकार करण्याची हौस वाढली आहे. लेझरने अंतर कळते, यंत्र हिशेब करून दुर्बिणीचा काटा किती फिरवायचा ते सांगते. फॉर्साइथची अडचण संपली, असे वाटते.

संपलेली नाही. सर्वसाधारण शिकारी रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. हवेच्या विरोधाने साडेचारशे मीटरांवर तो वेग साडेपाचशेवर येतो, आणि तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे हरीण एक पाऊल टाकते; फऱ्यामागे धरलेला नेम पोटात जातो. वाटेत बेताचा आडवा वारा असला तरी गोळी फूटभराहून अधिक सरकते, आणि दोन डोंगरांमधल्या दरीत वारा कसा वाहतो हे यंत्राला सांगता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गोळीच्या पोटात घडते. मऊ नाक दुमडण्यासाठी किमान वेग लागतो. तो बनावटीप्रमाणे बदलतो, पण जुन्या धाटणीच्या बऱ्याच गोळ्यांसाठी सेकंदाला साडेपाचशे मीटर हाच धोक्याचा आकडा मानतात. त्याखाली ती नीट उघडत नाही, छोटे भोक पाडून आरपार जाते. म्हणजे सरहद्दीवरच्या शिपायाची १८९५ ची तक्रार लांबच्या शिकाऱ्याच्या वाट्याला पुन्हा येते. यावर उपाय म्हणून कमी वेगाला उघडणाऱ्या, पातळ आवरणाच्या गोळ्या निघाल्या. त्याच गोळ्या जवळून झाडल्या तर हाडावर आपटून फुटतात आणि खोल जात नाहीत. प्रत्येक गोळी एका विशिष्ट जनावरासाठी आणि अंतराच्या एका पट्ट्यासाठीच बरोबर असते. फुटलेल्या शिशाचे कण मांसात राहतात, ते खाऊन कॅलिफोर्नियातले काँडोर गिधाड विषबाधेने मरू लागले. तिथे १ जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. आता तांब्याच्या वापरतात.

आणि समजा, जखमी जनावर पळाले. आठशे मीटरांवरचा माणूस दरी उतरून, पलीकडचा चढ चढून त्या जागी पोचेपर्यंत तास जातो. ते नेमके कुठे उभे होते हेच सापडत नाही. रक्ताचा पहिला थेंब सापडला नाही, तर लागलीच नसेल अशी मनाची समजूत घालणे फार सोपे असते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबसारख्या शिकाऱ्यांच्याच संस्थेने लांबच्या शिकारीवर आक्षेप घेतला आहे. जनावराला सुगावा लागण्याची शक्यताच उरत नसेल तर ती शिकार नव्हे, असा तो आक्षेप. मला त्याहून मोठी अडचण चालण्याची वाटते. जिथपर्यंत आपण माग काढत जाणार नाही, तिथपर्यंत गोळी पाठवण्याचा हक्क आपल्याला कुठून येतो?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा हौसेचा प्रश्न उरला नाही. पण माणसाच्या जिवाला धोका झालेल्या वाघ-बिबट्याला मारण्याची परवानगी त्याच कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि अशी वेळ महाराष्ट्रात येते. तेव्हा वर्तमानपत्रांत वाद होतो तो मारावे की मारू नये याचा. तो व्हायलाच हवा. मात्र परवानगीचा कागद निघाल्यावर कोणत्या गोळीने, किती अंतरावरून, कुठे, आणि चुकली तर मागे कोण जाणार, हे कोणी विचारत नाही.

कॉर्बेटच्या पुस्तकात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आणि लहानपणी मला ती कंटाळवाणी वाटे. बार झाल्यावरही गोष्ट संपत नाही. तो रक्ताचे थेंब शोधत, गवताची वाकलेली पाती पाहत, कधी रात्रभर थांबून, सकाळी पुन्हा मागावर निघतो. आता ती पाने मी सावकाश वाचतो. चंपावतच्या वाघिणीच्या तोंडावर गोळी झाडणारा तो अनाम माणूस एवढेच करायला विसरला होता.